एकच घर

प्यादं एका वेळी एकच घर, यावर आमचे आजोबा ठाम. बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या घराच्या सोप्यावर त्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं ते देशी नियमांनी. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नाही. राजाला शह बसलेला नसेल तर डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा. पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं सोडणं हा त्यांच्या लेखी निव्वळ आगाऊपणा.

परवा टिळकवाडीत एका छोट्या रॅपिड स्पर्धेत उतरलो. पन्नाशीत ही हौस! समोर चौथीतला पोरगा. त्यानं वजिराचं प्यादं दोन घरं सोडलं, शेजारी उंटाचंही. काळ्या सोंगट्या माझ्याकडे. मी घोडा काढला, जी-प्यादं (पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरं असतात) एक घर पुढे, त्या भोकात उंट, मग डी-प्यादंही एकच घर. हाच किंग्ज इंडियन, काळ्याचा एक बचाव.

या बचावाची गंमत अशी, की मध्यभाग पांढऱ्याला खुशाल आंदण द्यायचा आणि आपण कोपऱ्यात किल्लेकोट करून दबा धरायचा. नावातलं 'इंडियन' उगाच नाही. 1850च्या सुमारास कोलकात्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जींशी डावांवर डाव खेळत असे. महेशचंद्र देशी नियमांत वाढलेले, त्यामुळे प्यादं एक घर सरकवून मागे उंट बसवायची त्यांना सवयच. युरोपात हे तेव्हा विचित्र वाटे. आजोबांना सांगायला हवं होतं.

पोरगा चाल शोधताना कन्नडमध्ये पुटपुटत होता, "आने... कुदुरे..." आमचा हत्ती, घोडा. ओंटे म्हणजे उंट, हे मला बाजारात राहूनच कळलेलं. राजा मात्र राजाच.

मध्यभाग बंद झाला. आता माझा घोडा बाजूला, एफ-प्यादं दोन घरं, की राजावर हल्ला. पुस्तकात तसंच आहे. घोडा हलवला, प्यादं उचललं आणि ठेवलं एफ सहावर. एकच घर! पुढच्या चालीला पाचव्यावर नेलं, पण तोवर त्यानं सी-रांग फोडून मोकळी केली होती. मग हत्ती आत, आणि माझी वजिराकडची बाजू धुऊन निघाली.

डाव संपल्यावर पोरानं सोंगट्या परत मांडल्या. "काका, एकदम दोन घर का नाही सोडलं की हो?"

"आजोबा ओरडतात," म्हटलं.

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.