मॉरिशस: सह्याद्रीच्याच दगडाचं बेट

माहेबूरजवळच्या विमानतळावरून बाहेर पडलं की उजव्या-डाव्या हाताला उसाची शेतं आणि शेतात रचलेले काळ्या दगडांचे ढीग दिसतात. दगड ओळखीचा वाटतो, आणि तो खरोखरच ओळखीचा आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातल्या ज्या तप्त स्रोतातून दख्खनचा लाव्हा बाहेर आला, त्यावरून भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेलं. मागे तोच स्रोत लक्षद्वीप-मालदीवची रांग घडवत राहिला आणि त्यानंच 80-90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस उभं केलं. आज तो सुमारे 200 किमीवरच्या रियुनियन बेटाखाली जागता आहे. म्हणून इथले डोंगर पाहताना नाणेघाट किंवा हरिश्चंद्रगड आठवला तर ती निव्वळ कल्पना नव्हे.

बेट सुमारे 2,000 चौ. किमीचं, म्हणजे एका दिवसात गाडीनं फेरी मारून होईल एवढं. पण तशी फेरी मारू नका. बहुतेक पर्यटक उत्तरेच्या किनाऱ्यावर चार दिवस काढून परततात. माझ्या मते या देशाचा गाभा नैर्ऋत्येच्या डोंगरात आणि आग्नेयेच्या किनाऱ्यावर आहे. पाच दिवस असतील तर तीन तिथे द्यावेत.

आधी हवामान, कारण बेत तिथेच फसतो. आपल्या पावसाळ्यात इथे हिवाळा. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारे सतत वाहतात, त्यामुळे पूर्व आणि दक्षिण किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा शांत. मुक्काम त्या महिन्यांत पश्चिमेला ठेवावा. मधलं पठार उंच आहे. किनाऱ्यावर कडक ऊन असताना क्युरपीपला धुकं आणि रिमझिम असते, तेव्हा जर्किन गाडीतच ठेवा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे महिने. इशारे एक ते चार अशा श्रेणींत दिले जातात. तिसरा लागला की दुकानं, बस, सगळं थांबतं आणि विमानं रद्द व्हायला लागतात, म्हणून त्या काळात परतीच्या तारखेला मोकळीक हवी.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान 1994 साली झालं. क्षेत्र साधारण 65 चौ. किमी, प्रवेश मोफत. पेत्रँ इथून निघून माकाबेच्या कड्यावरून खाली ब्लॅक रिव्हरच्या केंद्रापर्यंत उतरणारी वाट सुमारे दहा किमीची. ती वरून खाली करावी, आणि गाडी खालच्या टोकाला बोलावून ठेवावी. उलट दिशेनं गेलात तर शेवटची चढण दुपारच्या दमट हवेत येते. वाट लाल चिकणमातीची, पावसानंतर साबणासारखी. आपल्याकडच्या पावसाळी ट्रेकचे खोल खाचांचे बूट इथेही लागतात. बेटाचं सर्वोच्च शिखर, 828 मीटरचं, याच उद्यानात आहे. त्याची वाट बरीचशी सपाट धारेवरून जाते आणि शेवटच्या टप्प्यात दोराला धरून चढावं लागतं. ढग दहा-अकरापर्यंत माथा गाठतात, म्हणून पहाटेच सुरुवात करा.

चालताना दोन्ही बाजूंना जी दाट झाडी दिसते तिला मूळ जंगल समजण्याची चूक बहुतेक जण करतात. त्यातली बरीचशी झाडी बाहेरून आणलेल्या लाल पेरूची आणि प्रिवेट नावाच्या झुडपाची. चांगल्या अवस्थेतलं मूळ अरण्य बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. तो छोटा लाल पेरू चवीला आंबटगोड, लोक आवडीनं तोडून खातात, पण त्याच्या दाट सावलीत आबनुसाची रोपं वर येऊच शकत नाहीत. बुटांच्या तळाला चिकटलेलं बी नव्या जागी जातं. उद्यानात शिरताना आणि निघताना तळवे घासून साफ करा, ही विनंती कळकळीची आहे.

पक्ष्यांचा ऱ्हासही असाच, बाहेरून आलेल्या प्राण्यांमुळे. उंदीर, मांजर, लांब शेपटीची माकडं, आणि 1900 च्या सुमारास आणलेलं आपल्याकडचं मुंगूस. डोडो सतराव्या शतकातच गेला. मॉरिशसचा खरुची (केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी) 1974 साली निसर्गात अवघा चार उरला होता. त्याला वाचवायची युक्ती साधी होती: पहिली अंडी काढून उबवणयंत्रात ठेवायची, म्हणजे मादी दुसऱ्यांदा अंडी घालते. जोडीला घरट्यांच्या पेट्या आणि वरचं खाणं. कार्ल जोन्स या जीवशास्त्रज्ञानं आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी हे काम वर्षानुवर्षं चिकाटीनं केलं. गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास होतं, आज ते काही शेकड्यांत आहे. ते बघायचं तर सकाळी लवकर या आणि वर फांद्यांवर नजर ठेवा. पाठ व पंख तपकिरी, शेपूट तांबूस. दृश्यबिंदूंवरच्या माकडांना मात्र काही खायला देऊ नका, पिशवीची चेन लावून ठेवा.

वेळ कमी असेल तर इल ओ एग्रेत चुकवू नका. माहेबूरजवळच्या किनाऱ्यापासून जेमतेम 850 मीटरवर, 26 हेक्टरचं प्रवाळखडकाचं बेट. आगाऊ नोंदणी करून, मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. बेटावर मूळची महाकासवं नामशेष झाली, आणि त्यांच्याबरोबर आबनुसाची फळं गिळून बी लांब टाकणाराही गेला. म्हणून 2000 साली सेशेल्समधल्या आल्दाब्रा बेटाची महाकासवं आणून सोडली. कासवाच्या पोटातून आलेलं बी जास्त चांगलं रुजतं, हे इथे मोजून पाहिलंय. जुलै 2020 मध्ये वाकाशियो हे जहाज इथून जवळच खडकावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल सांडलं. गावकऱ्यांनी उसाचा पाला कापडात भरून लांबलचक अडसर शिवले आणि समुद्रात टाकले.

समुद्राबद्दल एवढंच: बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे म्हणून आतलं पाणी शांत असतं. सुयाकजवळ ग्री ग्री इथे ते कडं तुटतं, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पाण्यात उतरू नये. इतरत्र रबरी तळाचे बूट घालूनच चाला. काटेरी समुद्री अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा यांच्यावर अनवाणी पाय पडला तर सहल तिथेच संपते.

राजधानी पोर्ट लुईत आप्रवासी घाटाला जा. 1834 पासून इथे करारबद्ध मजूर आले, सुमारे साडेचार लाख. त्यांना चढून यावं लागलेल्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत, आणि 2006 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. बहुसंख्य बिहारकडचे असले तरी मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसंही गेली. जहाजांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. नोंद करताना आईबापांचं किंवा स्वतःचं पहिलं नावच आडनाव म्हणून लिहिलं गेलं, त्यामुळे आडनावावरून इथला मराठी माणूस ओळखू येत नाही. बोली सगळ्यांची क्रेओल, "की मान्येर?" म्हणजे "कसं काय?". तरी शाळांत मराठी शिकवली जाते आणि कोकणची जाखडी इथे अजून गायली-नाचली जाते.

भुकेला रस्त्यावरची ढोल पुरी घ्यावी. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ, मऊ पोळी, दोनाच्या जोडीत मिळते, आत घेवड्याची उसळ आणि झणझणीत चटणी. पुरणपोळीत गूळ नसेल तर कशी लागेल, तशी. हातगाड्यांवरचा माल दुपारीच संपतो. गावाकडची बसही संध्याकाळी साडेसहा-सातनंतर धरून चालू नका.

गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी असते, पण चतुर्थीला नव्हे, दुसऱ्या दिवशी. कारण बाप्पा इथे दीड दिवसाचा, आणि विसर्जनालाच सगळा गाव समुद्रावर जातो. त्या दिवशी सरकारी ठिकाणं बंद असतात, तेव्हा आप्रवासी घाट आदल्या आठवड्यातच उरकून घ्या.