सासूबाईंच्या पायाची जखम आणि आयोडिनचा जपून वापर

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात केळीच्या बागेत काम करताना विळा-कोयता लागणे नवीन नाही, आणि जखमेवर हळद दाबून किंवा ते तपकिरी औषध ओतून पुन्हा कामाला लागणेही नवीन नाही. सासूबाईंच्या पोटरीला विळा लागला तेव्हा जखमेत माती गेली होती. म्हणून डॉक्टरांनी ती स्वच्छ धुऊन, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन, टाके न घालता उघडी ठेवली आणि घरचे ड्रेसिंग माझ्यावर सोपवले.

चिठ्ठी लिहिण्याआधी त्यांनी सासूबाईंना विचारले, "आई, रोजची कुठली गोळी चालू आहे?" थायरॉइडची, असे कळताच त्यांनी नीट समजावले की उघड्या जखमेतून आयोडिन रक्तात शोषले जाते आणि ही ग्रंथी आयोडिनवरच चालत असल्याने ते जास्त दिवस, जास्त जागेवर लावणे तिला बाधू शकते. म्हणून १० टक्के पोव्हिडोन-आयोडिन, म्हणजे तेच तपकिरी औषध, थोडेच दिवस आणि पातळ थरानेच लावायचे ठरले. मेडिकलमधून बाटली घेताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, याची मला फार काळजी वाटते. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, तान्हे बाळ, मूत्रपिंडाचा रुग्ण, मोठी भाजलेली जागा किंवा खोल जखम असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध लावूच नये.

रोज हात साबणाने धुऊन मी आधी सलाइनने, म्हणजे निर्जंतुक मीठपाण्याने, जखम धूत असे, कारण रक्त, पू आणि माती यांच्यात आयोडिनचा जोर वाया जातो. मग गॉजने टिपून औषधाचा पातळ थर लावायचा आणि तो आपोआप सुकू द्यायचा. गडद तपकिरी रंग हळूहळू फिका पडे, तेव्हा आयोडिन खर्ची पडत आहे हे डोळ्यांना दिसे. ओल्या औषधावर घट्ट पट्टी किंवा प्लास्टिक बांधले तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा घामाने पट्टी लगेच चिंब होते. म्हणून बागेत जाण्यासाठी पायाला पिशवी बांधण्याचा सासूबाईंचा हट्ट मी मान्य केला नाही.

शेजारच्या काकूंनी मायेने जुने लाल औषध आणून दिले. त्यात पारा असतो आणि आयोडिनशी त्याचा संयोग झाला की कातडीला इजा करणारे संयुग तयार होते, हे समजावून मी ती बाटली परत दिली. हायड्रोजन पेरॉक्साइडही आयोडिनसोबत वापरायचे नाही, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. स्पिरिटमधले टिंक्चर आयोडिन तर उघड्या जखमेसाठी नव्हेच. ते भयंकर झोंबते आणि नव्या पेशींनाही मारते.

जखमेच्या तळाशी लालसर, ओलसर मांस भरू लागल्यावर डॉक्टरांनी आयोडिन बंद केले, कारण ते जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही त्रास देते. पुढे फक्त सलाइन आणि साधी पट्टी चालली, आणि थायरॉइडची रक्ततपासणी त्यांनी ठरल्या वेळी करून घेतली.