फसलीत ५९० की ५९१?

आपल्या शाळेचं सगळ्यांत जुनं जनरल रजिस्टर स्मरणिकेसाठी कपाटातून काढलंय, असं कळलं. निजामी अमलातलं, नोंदी उर्दूत, तारखा फसलीत, म्हणजे तेव्हाच्या महसुली सनात. आमचे इतिहासाचे सर शाळा सुटल्यावर या शहराचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे, जुने कागद जमवत फिरायचे. त्यांची रीतच इथे लिहितो, रजिस्टर वाचणाऱ्यांच्या कामाला येईल.

फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, असं सगळेच सांगतात. सर तिथेच अडवायचे. निजामी राज्याच्या शेवटच्या काळात फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं. म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. १७ सप्टेंबर १९४८ म्हणजे फसली १३५७ चा शेवटचा महिना, आबान. सरसकट ५९० धरले तर मराठवाडा वर्षभर आधीच मुक्त होतो! हिजरीचं गणित वेगळं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे आकड्याला ३३ ने भागायचं, भागाकार त्याच आकड्यातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. हिजरी १०७१ म्हणजे १६६०-६१. नेमक्या तारखेला जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचं तयार कोष्टक, लागतेच, पण कागद कोणत्या पिढीचा हे एवढ्यावर कळतं. आपण काढलेला सन वहीत लिहायचा, मूळ कागदावर नाही.

दुसरा घोळ नावांचा. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं ते खडकी, १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेहखानाने, केलं फतेहनगर, १६५३ नंतर औरंगाबाद, मुघली कागदांत खुजिस्ता बुनियाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. एकाच नावाने शोधलं तर निम्मं दप्तर हाती लागत नाही. सरांच्या खोक्यात प्रत्येक नावाचं वेगळं कार्ड असे आणि त्यावर ‘पाहा : खडकी’. बेगमपुरा, पदमपुरा, करणपुरा अशा पुऱ्यांची कार्डं निराळी. बावन्न पुरे, बावन्न दरवाजे म्हणायला गोड वाटतं. सर म्हणत, उभे किती ते चालत मोजा, आणि दरवाजा व खिडकी (तटातला छोटा दरवाजा) एका रकान्यात घालू नका.

शिलालेखाचा खरा शत्रू म्हणजे भक्ती. शेंदराचा थर, चुन्याचा हात, वरून ऑइलपेंट. तो थर तारेच्या ब्रशने खरवडला की अक्षरांच्या कडा जातात आणि मग काना आहे की नुसता ओरखडा, हे कुणालाच सांगता येत नाही. अक्षरांत खडू भरणं त्याहून वाईट, कारण आपण आपल्याला वाटलेलं अक्षर भरतो आणि फोटोत तेच खरं दिसतं. त्यापेक्षा अंधार पडल्यावर जावं, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरावा. तिरप्या उजेडात खोदलेल्या रेषेत सावली बसते आणि दिवसा कोरा वाटणारा दगड वाचता येतो. उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून, असे चार फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. एकाच बाजूच्या उजेडात त्याच दिशेने जाणाऱ्या रेषा हरवतात. ठसा घ्यायचा तर खळ न दिलेला हातकागद ओला करून दगडावर बसवायचा, केसाळ ब्रशने ठोकायचा आणि पाणी ओढलं गेलं की गादीने शाई लावायची. कागद जास्त ओला राहिला तर शाई आरपार जाऊन दगड काळा होतो. संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय यातलं काहीच करू नये.

मौखिक आठवणींबद्दल एकच. सांगणाऱ्याला साल विचारू नका, ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?’ असं विचारा.

आता रजिस्टर. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक कागदात उतरतो आणि काढताना अक्षरं घेऊन निघते. टाचण्या गंजतात, त्या आधी काढा. लॅमिनेशन तर नकोच, ते परत उलगडता येत नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा, कण्याकडून कडेकडे. पुस्तक सपाट दाबून स्कॅनरवर ठेवलं तर शिवण तुटते. दोन उशांच्या आधाराने अर्धंच उघडून वरून फोटो घ्या. कोऱ्या पानांचेही घ्या, नाहीतर पान गहाळ आहे की कोरं होतं, हा वाद पुढे मिटत नाही. आणि पान उलटायला बोट ओलं करायची सवय सोडा. जुनी दौतीतली शाई थुंकीनेसुद्धा पसरते.