मांडवीवरची पोकर स्पर्धा: डीलर चुकला तर काय करायचं

पुण्याहून रात्रीची स्लीपर, सकाळी पणजीचं कदंब स्थानक, पाटोजवळच्या लॉजवर थोडी पाठ टेकायची आणि दुपारी जेट्टी. मांडवीत नांगरून ठेवलेल्या कॅसिनोंपर्यंत छोट्या बोटी सतत ये-जा करतात, त्यामुळे पोचण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मूळ ओळखपत्र आणि पॅन कार्ड जवळ ठेवा. 21 वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळायला बंदी आहे, म्हणून टेबलाभोवती पुणे, मुंबई, बेळगाव, सुरत, हैदराबाद असा सगळा बाहेरगावचाच गोतावळा. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा 1976 चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला, तेव्हा मराठी माणसाला लाइव्ह पोकरसाठी घाट उतरणं आलंच.

या खेपेला टेबलावर एक फरक जाणवला. ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि तिथली पोरं आता समोरासमोर खेळायला येऊ लागली आहेत. आकडेमोडीत ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. पण त्यांनी आजवर खेळलेल्या एकाही हातात, म्हणजे डावात, पानं वाटणारा डीलर चुकलेला नाही. सॉफ्टवेअर पॉट, म्हणजे डावात जमलेल्या चिप्स, चुकीच्या माणसाकडे सरकवत नाही, तुमची पानं ओढून नेत नाही, तुमची पाळी विसरत नाही. माणूस हे सगळं करतो, विशेषतः रात्री अकरानंतर.

बहुतेक मोठ्या स्पर्धा टीडीए (टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन) या संघटनेचे नियम वापरतात. मॅट सॅवेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम यांनी 2001 मध्ये ती सुरू केली आणि नियमावली इंटरनेटवर फुकट मिळते. बसमध्ये वाचून होते. पहिल्याच नियमात म्हटलंय की खेळाचं हित आणि न्याय सगळ्यात वर. विचित्र प्रसंगी तांत्रिक नियम बाजूला ठेवून व्यवहारी निर्णय देता येतो आणि फ्लोरचा निर्णय अंतिम. फ्लोर म्हणजे वाद सोडवायला येणारा पर्यवेक्षक, त्याच्या वर टीडी, म्हणजे स्पर्धेचा संचालक, ज्याच्याकडे तरीही अपील करता येतं. दुसरा नियम लोक वाचतच नाहीत, तो खेळाडूच्या जबाबदाऱ्यांचा. आपली पानं सांभाळा, आपली पाळी सांभाळा, चूक दिसली तर बोला. पुढे जे घडलं ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या नियमातलं.

माझी जागा नऊ नंबरची, डीलरच्या अगदी कडेला. एक आणि नऊ या त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा मिळाल्या तर पानांवर ठेवायला काहीतरी जड हवं. एक जादा चिप, नाणं, काहीही चालतं. समोरच्या एक नंबरवर कोल्हापूरचा एक मुलगा होता. ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या रकमा (स्मॉल आणि बिग), 500-1,000. त्यानं बेट वाढवून 2,500 केली आणि चिप्स सरकवताना पानंही हातभर पुढे गेली. बाकीच्यांनी पानं फेकली, बिग ब्लाइंडवाला विचार करत होता, आणि डीलरनं फेकलेली पानं गोळा करता करता याचीही दोन पानं ओढून मकमध्ये, म्हणजे बाद पानांच्या ढिगात, घातली. मुलगा उठून उभा राहिला आणि त्यानं ढिगात हात घातला.

तिथेच त्याची होती नव्हती ती संधी गेली. पानं शंभर टक्के ओळखता आली तर फ्लोर ती परत देऊ शकतो. ढिगाच्या वर तिरकी पडलेली दोन पानं डीलरनं आणि शेजाऱ्यानं दाखवली असती तर कदाचित परत मिळालीही असती. ढीग हलल्यावर कोण काय सांगणार? फ्लोरनं नियम वाचला: सांभाळून न ठेवलेली पानं डीलरनं चुकून बाद केली तर दाद नाही. मात्र ज्या वाढीला कोणी कॉल केलेला नाही, म्हणजे तितक्याच चिप्स टाकून साथ दिलेली नाही, ती परत मिळते. त्याला 1,500 परत मिळाले, 1,000 पॉटमध्ये राहिले. बेट आधीच कॉल झाली असती तर ते 1,500 देखील गेले असते. "चूक त्याची, दंड मला?" असं तो बराच वेळ म्हणत होता. हो, तसंच आहे. 2009 च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत फ्रान्सच्या टीव्ही सूत्रसंचालिका एस्टेल डेनिस यांचे दोन एक्के डीलरनं असेच मकमध्ये घातले होते, तेही कॅमेऱ्यांसमोर.

म्हणून असं झालं तर मोठ्यानं "स्टॉप" म्हणा, आपली पानं कुठली ते बोटानं दाखवा आणि हात मागे घ्या. ढिगाला स्पर्श करायचा नाही.

पुढचा गोंधळ मजेशीर होता. नव्या डीलरनं फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी पहिल्यांदा पानं उघडतात तेव्हा, तीनऐवजी चार पानं उलटली. टेबलावरचा प्रत्येक जण वकील झाला. पहिली तीन पानं कुठली ते सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं, चौथं काढून टाका, संपलं, असं बहुमत. फ्लोर आला, चारही पानं पालथी घालून मिसळायला लावली, त्यातलं एक स्वतः उचललं आणि ते पुढचं बर्न कार्ड, म्हणजे पुढचं पान उघडण्याआधी बाजूला टाकायचं पान, म्हणून ठेवलं. उरलेली तीन म्हणजे फ्लॉप. चौथं पान कितीही उघड दिसत असलं तरी नियम हाच. ज्याला फ्लॉपवर तिसरी राणी लागली होती आणि मग ती गेली, त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण याला अपील नाही.

बेटिंग पूर्ण व्हायच्या आत फ्लॉप उघडला तर तो उरलेल्या गड्डीत परत पिसून नव्यानं काढतात, दुसरं बर्न न करता. टर्न आणि रिव्हरच्या, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या आणि पाचव्या पानाच्या, बाबतीत सगळीकडची पद्धत एकच नसते, तेव्हा तिथे "मागच्या स्पर्धेत असं केलं होतं" म्हणून भांडू नका.

मिसडीलचा, म्हणजे वाटणी चुकली म्हणून डाव रद्द करण्याचा, आग्रह धरणारे हमखास भेटतात आणि बहुतेक वेळा त्यांची पानं वाईट असतात. पहिलंच पान चुकीच्या जागी गेलं, ज्याला पानं मिळायला हवीत तो वगळला गेला, किंवा वाटताना दोन पानं उघडी पडली, तर डाव रद्द. बटणवाल्याला, म्हणजे ज्याच्यापुढे बटण ही खूण असते आणि ज्याला शेवटी पान मिळतं त्याला, लागोपाठ दोन पानं आली तर मात्र रद्द होत नाही, हे आमच्या टेबलावर दोघांना पटवावं लागलं. आणि पुरेशी खेळी होऊन गेली की कुठल्याच कारणानं मिसडील मागता येत नाही. पुरेशी खेळी म्हणजे काय, हे पाठच करा: पाळीनं झालेल्या दोन कृती, ज्यातल्या एकीत तरी चिप्स पडल्या आहेत; नाहीतर कुठल्याही तीन कृती. ब्लाइंड त्यात धरत नाहीत.

हीच व्याख्या तुमची पाळी विसरली गेली तर आडवी येते. डीलर कडेच्या जागांवरून सरळ पुढे जातो, असं माझ्या बाबतीत झालं. त्यानं बटणकडे हात केला, बटणनं चिप्स उचलल्या, आणि मी हात आडवा करून "माझी पाळी" म्हटलं. तेवढ्यावर भागलं. बटणनं कॉल करून स्मॉल ब्लाइंडनं पानं फेकली असती तर त्या कृती पक्क्या झाल्या असत्या आणि माझ्या हाताचं काय करायचं हे फ्लोरच्या मर्जीवर गेलं असतं. पोकरच्या टेबलावर लाजाळूपणा महाग पडतो. बाईमाणसाला नियम समजावून सांगायची हौस तिथे प्रत्येकाला असते. ऐकून घ्यावं, आणि हात आडवा करावा.

रात्रीचा मोठा वाद मोजणीवरून झाला, आणि मला वाटतं नव्या माणसानं सगळ्यात आधी समजून घ्यावी ती गोष्ट हीच. सुरतेचे एक काका ऑल-इन गेले, म्हणजे त्यांनी सगळ्या चिप्स लावल्या. समोर पुण्याचा एक आयटीवाला. त्यानं मोजणी मागितली, डीलरनं चिप्स ओढून मोजल्या आणि सांगितलं, "अठरा हजार सहाशे." तो विचार करून "कॉल" म्हणाला, हरला. चिप्स देताना कळलं की पाच हजारांच्या तीन नव्हे, पाच चिप्स आहेत. 28,600. वरचे 10,000 द्यायला त्यानं ठाम नकार दिला. मी मोजणी मागितली, मला अधिकृत माणसानं आकडा सांगितला, त्या आकड्याला मी कॉल केला. ऐकणाऱ्याला हे अगदी रास्त वाटतं.

नियम उलटा आहे. समोरची खरी रक्कम किती हे ठरवणं कॉल करणाऱ्याचं काम. डीलरनं किंवा खेळाडूनं चुकीचा आकडा सांगितला तरी तुम्ही खऱ्या रकमेला कॉल केला असं धरतात. फ्लोरनं 28,600 चा निकाल दिला. आयटीवाल्यानं आवाज न चढवता टीडीला बोलवायला सांगितलं, आणि त्याचं मला कौतुक वाटलं, कारण पहिला नियम टीडीला थोडी मोकळीक देतो. टीडीनं फार काही विचारलं नाही. चिप्स कुठे होत्या, उघड दिसत होत्या की मागे दडलेल्या? कॉलच्या आधी कोणी आकड्यावर शंका घेतली का? आणि काकांना, तुम्हाला चुकीचा आकडा ऐकू आला होता का? काका म्हणाले की त्यांचं लक्ष पानांवर होतं. चिप्स उघडच होत्या. निकाल कायम.

मला तो निकाल पटला. कमी आकड्याला कॉल करून जिंकलो तर सगळे मागायचे आणि हरलो तर डीलरकडे बोट दाखवायचं, अशी दुहेरी सोय कोणालाही देता येत नाही. मोठ्या चिप्स स्टॅकमागे दडवलेल्या निघाल्या असत्या तर मात्र मी आयटीवाल्याच्या बाजूनं बोलले असते, आणि टीडीनंही बहुधा वेगळा विचार केला असता. तुमच्यावर ही पाळी आली तर नुसता आकडा मागू नका. चिप्स रंगानुसार सारख्या थप्प्यांमध्ये टेबलावर मांडायला सांगा आणि स्वतः मोजा. डीलरला हे नेहमीचंच असतं, कोणी रागावत नाही.

माझा स्वतःचा पॉट एकदा जाता जाता राहिला. बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या सामाईक पानांत, दोन सत्त्या, दोन गुलाम आणि एक चौकी. माझ्याकडे एक्का-राणी, समोरच्याकडे पंजीची जोडी. दोघांनी पानं उघडी ठेवली. डीलरला पंजीची जोडी दिसली आणि त्यानं पॉट तिकडे सरकवला. वास्तविक गुलाम-सत्तीच्या दोन जोड्या टेबलावरच होत्या, पंजीची तिसरी जोडी निरुपयोगी, पाचवं पान म्हणून माझा एक्का मोठा. मी "थांबा, बोर्ड वाचा" म्हटलं, डीलरनं पुन्हा पाहिलं, माफी मागितली आणि पॉट फिरवला. फ्लोर बोलवावाच लागला नाही, कारण सगळी पानं अजून टेबलावर होती.

या तक्रारीला मुदत असते, आणि ती फार छोटी. पुढचा डाव सुरू झाला की मागच्या पॉटबद्दल बोलायचा हक्क संपतो. हातानं पिसत असतील तर पहिली पिसणी म्हणजे नवा डाव. पिसण्याचं यंत्र असेल तर त्याचं हिरवं बटण दाबलं की डाव सुरू, आणि ते बटण दाबलेलं तुमच्या लक्षातही येत नाही. ब्रेकमध्ये हात संपला तर पॉट दिल्यापासून एक मिनिट. शेजाऱ्याला विचारून खात्री करू, मग बोलू, असं म्हणाल तर वेळ गेलेली असेल. आधी थांबवा, मग शंका काढा. आणि जिंकलो आहोत असं वाटलं तरी पॉट हातात येईपर्यंत पानं सोडू नका. उघडी मांडलेली, स्पष्ट जिंकणारी पानं डीलरला बाद करता येत नाहीत. पालथी सरकवलेल्या पानांना हे संरक्षण नाही.

फ्लोर आला की काय बोलायचं? नियम सांगू नका, तो त्याला येतो. घडलं ते घडलं त्या क्रमानं सांगा: ब्लाइंड किती, कोणी किती टाकले, कोण काय म्हणालं, चूक केव्हा झाली. एकानं बोलावं. आमच्या टेबलावर तिघं एकदम बोलायला लागले की तो फ्लोर डीलरकडेच वळायचा, आणि डीलरची गोष्ट तेवढी ग्राह्य धरली जायची. कॅमेऱ्याचं चित्रीकरण बघायला वेळ लागतो, प्रत्येक वादाला कोणी ते उघडत नाही, आणि तुमच्या लेव्हलचं, म्हणजे ब्लाइंड वाढेपर्यंतच्या टप्प्याचं, घड्याळ तोवर चालूच असतं. अपील एकदाच, निकाल अमलात यायच्या आत. त्यानंतर वाद घातला तर इशारा, मग काही हात किंवा पूर्ण फेरी बाहेर बसणं, आणि शेवटी स्पर्धेतून बाद, अशी चढती शिक्षा असते.

मराठी मंडळींसाठी एक वेगळी सूचना. हात चालू असताना टेबलावर कुठली भाषा चालेल हे आयोजक ठरवतात. आमच्याकडे इंग्रजी आणि हिंदी होती. नाशिकचे दोन मित्र हात चालू असताना मराठीत काहीतरी पुटपुटले, बहुधा जेवणाबद्दलच, आणि दोघांना लगेच इशारा मिळाला. कोकणी डीलरशी गप्पा मारायचा मोह मलाही होतो, पण त्या दोन हातांच्या मध्ये.

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोचा आणि स्थानिक नियमांचा कागद किंवा फलक वाचून घ्या, कारण टीडीएच्या नियमांवर प्रत्येक जागेची स्वतःची भर असते. पैसे मिळालेच तर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर (टीडीएस) तिथेच कापला जातो, पॅन त्यासाठीच लागतं. पावतीवरचा पॅन नंबर खिडकीवरच तपासा. नंतर आयकर खात्याकडच्या करकपातीच्या नोंदीत ती रक्कम दिसली नाही तर दुरुस्तीसाठी फोन करत बसावं लागतं.