कार वॉशवर ठेवलेला माणूस

२३ डिसेंबर २०२२ ची थंडी ओहायोत राहणारं कुणी विसरलेलं नसेल. आदल्या दिवशी पाऊस होता, आणि सकाळी उठलो तर पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे अठरा सेल्सिअसच्याही खाली. वर सुसाट वारा. आम्ही कोलंबसला घरात, आणि आमचा कार वॉश तिथून पाऊण तासावर एका लहान गावात. दुपारी फोनवर कॅमेरा उघडला तेव्हा तीन नंबरच्या बेमध्ये, म्हणजे गाडी धुवायच्या कप्प्यात, बर्फाचा ढिगारा दिसला. पाणी मारायची गन फुटून पाणी वाहत होतं आणि पडेल तिथे गोठत होतं.

थंडी पडली की सेल्फ-सर्व्हिस, म्हणजे गिऱ्हाईक नाणी टाकून स्वतःच गाडी धुतं अशा, कार वॉशमध्ये प्रत्येक गनमधून पाण्याची बारीक धार सतत चालू ठेवतात. पाणी वाहतं राहिलं की पाइप गोठत नाही. इथे त्याला ‘वीप’ म्हणतात. तीन नंबरच्या वीपमध्ये कचरा अडकला होता आणि धार बंद पडली होती. आदल्या दिवशी कुणी तिथे नुसतं जाऊन उभं राहिलं असतं तरी कळलं असतं. आमचा तेव्हाचा दुरुस्तीवाला चाळीस मैलांवर राहायचा. बोलावलं की यायचा आणि फेरीचे पैसे घ्यायचा. त्या दिवशी तो आला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. रस्तेच तसे होते.

चार बे आणि दोन व्हॅक्यूम असलेला हा कार वॉश मी आणि नवऱ्याने २०२१ मध्ये घेतला. दोघांच्याही नोकऱ्या चालू आहेत. विकणाऱ्याने सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा या, चिल्लर काढा आणि जा. तसं होत नाही, हे पहिल्या दोन महिन्यांत कळलं. फोम ब्रश कुणीतरी ओढून तोडतं. नाण्याच्या फटीत वाकडं नाणं अडकतं आणि पुढचा माणूस पैसे गेले म्हणून फोन करतो. नॉझल झिजलं की दाब कमी होतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, दुसरीकडे जातं. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधलं मीठ संपलं की गाड्यांवर पांढरे डाग राहतात. यातल्या एकाही गोष्टीला मोठा मेकॅनिक लागत नाही, पण दोन दिवस कुणाचं लक्ष गेलं नाही तर प्रत्येकीचं नुकसान होतं.

फेरीच्या पैशांची गोम मला उशिरा कळली. बिघाड झाल्यावरच ज्याला पैसे मिळतात, त्याला बिघाड होण्याआधी येण्याचं कारणच नसतं. माणूस वाईट असतो असं नाही, व्यवहारच तसा बांधलेला असतो.

हे मी बाबांना फोनवर सांगत होते. वाळवा तालुक्यात आमच्या गावची कृष्णेवरची उपसा योजना आहे, बाबा तिच्या कमिटीवर बरीच वर्षं होते. ते म्हणाले, “अगं, रिवाइंडिंगवाला पगारावर ठेवत नाहीत. ऑपरेटर ठेव.” जॅकवेलवर, नदीकाठच्या पंपांच्या विहिरीवर, बसणारा तो माणूस मला लगेच डोळ्यांसमोर आला. मोटार जळली की ती भरायला सांगलीला जायची, पण मोटारीचा आवाज बदललाय हे सगळ्यात आधी त्याला कळायचं. मी इतके दिवस रिवाइंडिंगवाला शोधत होते.

मग गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात चिठ्ठी लावली: रोज सकाळी दोन तास, दहा मिनिटांच्या अंतरावर राहणारा माणूस हवा. पाच जण आले. प्रत्येकाला मी पंपखोलीत नेलं आणि काही न बोलता थोडा वेळ उभी राहिले. आमचे पंप तीन प्लंजरचे आहेत, हजार-बाराशे पीएसआय दाब देणारे. प्रत्येकाच्या बाजूला तेल दिसायला एक लहान गोल काच असते. त्या आठवड्यात दोन नंबरच्या पंपाचं तेल दुधाचा चहा ओतल्यासारखं झालं होतं. तिघांनी पगार विचारला, एकाने कामाचे दिवस. पाचवा माणूस शाळांच्या इमारतींची देखभाल करून निवृत्त झालेला, त्रेसष्ट वर्षांचा. तो गुडघ्यावर बसला, खिशातला रुमाल काढून ती काच पुसली, टॉर्च लावला आणि विचारलं, “सील गेलंय, तेलात पाणी शिरतंय. किती दिवस असाच चालवताय?” नंतर बाहेर येऊन त्याने बेच्या मधल्या जाळीतून खाली पाहिलं आणि गाळ शेवटचा कधी काढला ते विचारलं. मला आणखी काही विचारायचं उरलं नाही.

पगार तासाला अठरा डॉलर, आठवड्याला साधारण चौदा तास. तो सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, लवकर घेत होता, त्यामुळे २०२३ ची वर्षाला २१,२४० डॉलर कमाईची मर्यादा त्याला तोंडपाठ होती. वरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर पेन्शनमधून रोखतात. आमचं काम त्या मर्यादेच्या बरंच खाली बसतं.

त्याला कंत्राटदार म्हणून दाखवावं, कागदपत्रांची कटकट वाचते, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आमच्या सीपीएने, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या अकाउंटंटने, स्पष्ट नाही म्हटलं. कधी यायचं हे मी ठरवते, काम कसं करायचं हे मी सांगते, हत्यारं माझी, किल्ली माझी. मग तो नोकरच. आम्ही रीतसर पेरोल लावला, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांचा आमचा ७.६५ टक्के वाटा भरतो. ओहायोत कामगारांच्या अपघाताचा विमा राज्याच्याच फंडातून घ्यावा लागतो, तोही घेतला. हे मी खर्चात धरतच नाही. ओली फरशी, जवळ वीज, आणि त्या दाबाची धार जवळून हाताला लागली तर कातडीतून आत शिरते. जखम टिकलीएवढी दिसते, पण तडक हॉस्पिटल गाठावं लागतं, नाहीतर बोट जाऊ शकतं. असं काम करणाऱ्या माणसाला विम्याशिवाय उभं करणं मला पटत नाही.

रोख पैशांवर भरवसा कसा ठेवायचा हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो, म्हणून तेही सांगते. अडकलेलं नाणं काढायला नाण्यांच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे असावीच लागते. क्वार्टरचं, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याचं, वजन ५.६७ ग्रॅम, हजार डॉलरचे चार हजार क्वार्टर म्हणजे पावणेतेवीस किलोच्या आसपास. आम्ही शनिवारी चिल्लर काढतो, वजन करतो आणि प्रत्येक बेच्या टायमरवरचा आकडा शेजारी लिहितो. हे पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोरच करतो. हिशेब त्यालाही दिसतो, त्यामुळे दोन-चार डॉलर इकडेतिकडे झाले तर तोच सांगतो की अमुक दिवशी एका बाईंना पैसे परत दिले.

दोनशे डॉलरपर्यंतची वस्तू मला न विचारता आणायची मुभा त्याला दिली आहे. पंपखोलीत एक फळी त्याने स्वतः ठोकली: दोन गन, होज, नॉझल, बेल्ट, सोलेनॉइड व्हॉल्व्ह. पंपाचं तेल पाचशे तासांनी बदलायचं, ती तारीख खडूने पंपावरच्या भिंतीवर. वीज आणि बॉयलर यांना त्याने हात लावायचा नाही, तिथे परवानाधारक माणूसच. खड्ड्यातला गाळही टँकर बोलावूनच काढतो. साबणाचं पाणी सांडपाण्याच्या लाइनमध्येच गेलं पाहिजे, रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारात गेलं तर ते तसंच्या तसं नदीत जातं. आमच्या बेपासून ओढा दोनशे पावलांवर आहे, तिथे पोरं मासे धरतात.

गणपतीत इथल्या मंडळात दोघांनी विचारलं की असा धंदा घ्यावा का. मी विचारलं, त्या गावात रोज सकाळी जाणारं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का? जागा आणि गाड्यांची वर्दळ पाहायच्या आधी ते पाहा, कारण तो पगार धरूनही आकडे जुळत असतील तरच ते खरे आकडे.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा कडाका पडला. रात्री नऊला त्याचे चार फोटो आले, चार गनची टोकं, प्रत्येकातून बारीक धार. खाली लिहिलं होतं: तीन नंबर जरा कमी वाहतंय, वीपची जाळी काढून धुतो, मग घरी जातो. वीस मिनिटांनी पाचवा फोटो आला.