तीन कोटींचे पंचवीस लाख

रविवार, रात्र

मालेगावच्या त्या शेतकरी पोराचा 'शार्क टँक इंडिया'चा भाग आज परत बघितला. धंदेवाले गुंतवणूकदारांपुढं कंपनीतल्या हिश्श्याच्या बदल्यात पैसे मागतात, तो टीव्हीवरचा कार्यक्रम. पहिल्या सीझनमधला, सायकलच्या फवारणी यंत्राचा. मागितले ३० लाख, १० टक्के हिश्श्याला. ठरलं ते १० लाख, ४० टक्क्यांना, आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज. तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज कागदावर मांडलं: त्याच्या मते कंपनी ३ कोटींची, सौद्यात उरली २५ लाखांची. नुसत्या नमुना यंत्रावर ३ कोटी जास्तच होते, मान्य. बिनव्याजी कर्ज तरी कोण देतं? सौदा वाईट नव्हता. पण मागचं संगीत दानधर्म चालल्यासारखं वाजत होतं, आणि ४० टक्के हिस्सा घेणं हे दान नव्हे, धंदा आहे. तसं सांगा की सरळ!

ही नुरा कुस्ती, म्हणजे आधीच निकाल ठरवलेली कुस्ती नाही. पैलवान खरे, पैसे खरे, फक्त कुठला डाव दाखवायचा आणि कुठला कापायचा ते तिसराच ठरवतो. टीव्हीवर हात मिळवले म्हणजे पैसे आले असंही नाही. कागदपत्रं तपासायचं काम त्यानंतर सुरू होतं आणि त्यात बरेच सौदे गळतात. अमेरिकेत तर २०१३ पर्यंत नुसतं कार्यक्रमात यायचं म्हणून कंपनीचा ५ टक्के हिस्सा किंवा नफ्यातले २ टक्के निर्मात्यांकडे लिहून द्यावे लागत. सौदा होवो न होवो.

हे सगळं आजच डोक्यात यायचं कारण आमचा भाचा. गूळ पावडरचा धंदा करतो, त्याला तिथं जायचंय. दुपारी मोबाईल उभा करून भाषण म्हणून दाखवलं. "आजोबांचं गुऱ्हाळ कर्जात बुडालं, रस आटवायची काहिल विकावी लागली..." मी तिथंच थांबवलं. आबांच्या डोक्यावर रुपयाचं कर्ज नव्हतं. गूळ करणारा गुळव्या मिळेना, माणसं मिळेनात, ऊस कारखान्याला घालणं सोपं झालं, म्हणून गुऱ्हाळ बंद केलं. काहिल अजून गोठ्यामागं पालथी पडलीय.

"अगं मावशी, एवढं चालतंय. रडल्याशिवाय कोण बघणार?"

राग आला, पण पोराचं अगदीच चूक नाही. बघणारे आम्हीच. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्याचा भाषणात शब्द नाही. भेंडीच्या पाण्यानं रसाची मळी कशी काढतात, तेही नाही. आबांचं कर्ज मात्र आहे, जे नव्हतंच!

महिन्याला माल किती जातो विचारलं, तर तोंडपाठ. उधारी किती अडकलीय विचारल्यावर पठ्ठ्या मोबाईल आवरायला लागला. उद्या बिलबुकं घेऊन ये म्हटलंय.