स्पोर्ट्समन ५०० : लीकडाउन ३ टक्के नाही, ३४ टक्के

मंडळी, माझी पोलारिस स्पोर्ट्समन ५०० ही जुनी एटीव्ही (कच्च्या रस्त्यावरची चारचाकी) मागच्या वेळी कार्ब (कार्ब्युरेटर) धुऊन चालू झाली, तिथे थांबलो होतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळा धूर आणि नारळाची पोती लादली की चढावर दम तुटणं, या दोन्ही तक्रारी तशाच राहिल्या. म्हणून हा आठवडा फक्त इंजिनाला दिला.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते. बॅटरी फुल चार्ज, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवलेला (अर्थ केलेला). सहा स्ट्रोकनंतर काटा ६२ पीएसआयवर (हे दाबाचं एकक) थांबला. मोटरसायकली उघडणाऱ्या कोणालाही या आकड्याने धडकीच भरेल. पण या इंजिनाच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) डीकॉम्प, म्हणजे स्टार्ट करताना दाब कमी करणारी सोय आहे. क्रँकिंगच्या वेळी तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरतो, म्हणून तर ४९९ सीसीचा सिंगल दोरीने ओढता येतो. मॅन्युअलमध्येच ५० ते ९० पीएसआय असं दिलंय. म्हणजे ६२ वरून इंजिन चांगलंही ठरत नाही आणि वाईटही. ज्यांच्याकडे डीकॉम्पवाला एटीव्ही आहे, त्यांनी नुसत्या या आकड्यावर पिस्टन किट मागवू नका. मी स्वतः ऑनलाइन कार्टपर्यंत पोचलो होतो.

(गेजबद्दल एक सांगतो. रबरी कोन हाताने दाबून धरायचा गेज घेऊ नका, बाजूने हवा जाते आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. प्लगच्या जागी फिरवून बसणारा, आट्याचाच घ्या.)

खरं उत्तर लीकडाउन टेस्टच देणार होती, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून किती टक्के गळते ते मोजणं. तयार टेस्टर महाग, म्हणून घरीच जुळवला: एक रेग्युलेटर, दोन गेज आणि मध्ये १ मिमी भोक पाडलेला पितळी तुकडा. प्लगच्या भोकात बसवायला कॉम्प्रेशन गेजचीच नळी वापरली. कंप्रेसर नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी रविवारी दुपारी वापरू दिला. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद) आणला, क्रँक पान्याने धरला, ९० पीएसआय सोडलं. दुसरा, सिलिंडरच्या बाजूचा गेज ८७. गळती फक्त ३ टक्के! मॅन्युअल १५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर कारण शोधायला सांगतं. खूप आनंद झाला, काकांना चहाही पाजला.

रात्री झोप येईना. ९२ मिमीच्या पिस्टनवर ९० पीएसआय म्हणजे वरून सव्वाचारशे किलोच्या आसपास दाब. टीडीसीपासून केसभर सरकला तरी क्रँक फिरायला बघणार. आणि माझ्या हातातला पाना तर सैल होता. त्याला जोर जाणवलाच नव्हता.

कारण सकाळी सापडलं. कॉम्प्रेशन गेजच्या नळीच्या टोकाला टायरसारखा व्हॉल्व्हकोर असतो. तो सिलिंडरमधली हवा नळीत घेतो, परत जाऊ देत नाही. माझी हवा सिलिंडरपर्यंत गेलीच नव्हती, मी नळीचीच गळती मोजली होती. कोर काढला, पुन्हा ९० सोडलं. पाना मनगटात असा फिरला की दोन्ही हातांनी धरावा लागला, आणि दुसरा गेज ५९ वर आला. ३४ टक्के.

मग हवा जाते कुठे? कार्बच्या तोंडाला कान लावला, शांत. सायलेन्सर, शांत. रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघितलं, एकही बुडबुडा नाही. ऑइलची डिपस्टिक काढून त्या भोकावर रबरी हातमोजा ओढला आणि थांबलो. आधी मनगटाचा भाग उभा राहिला, मग पाचही बोटं एकेक करून ताठ झाली आणि जळक्या ऑइलचा वास आला. व्हॉल्व्ह आणि गास्केट बरे, हवा पिस्टनच्या कडेने खाली ऑइलकडे उतरतेय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा संपल्या. इतकं स्वच्छ उत्तर इतक्या साध्या वस्तूने दिलं, त्याचं मला अजून अप्रूप वाटतंय.

हेड आणि सिलिंडर उतरवले. बोअरमधल्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरच्या) होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून काढलेल्या तिरक्या रेघा पुसल्या गेल्यात, त्यांच्या जागी वरून खाली बारीक उभे ओरखडे आहेत. नख अडकत नाही, पण बॅटरीच्या उजेडात स्पष्ट दिसतात. टॉप रिंग बोअरमध्ये वरच्या बाजूला सरळ बसवून फीलर (मोजायची पातळ पट्टी) घातला: रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप १.१० मिमी. बोअरच्या दर मिमीला ०.००४ या नेहमीच्या हिशेबाने ०.३७ च्या आसपास हवा होता.

एअरबॉक्स (फिल्टरची पेटी) ते कार्बचा रबरी बूट आतून पांढऱ्या फडक्याने पुसला तर फडकं करकरलं. रेती! माझ्याकडे येण्याआधी ही गाडी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायची. बुटाचा क्लॅम्प अर्धा सैल होता. विकणाऱ्याने 'इंजिन टकाटक' म्हणून पैसे मोजून घेतले, त्याचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग क्लॅम्पचा स्क्रू न आवळणाऱ्याचा आहे.

ठरवलं होतं की नवीन रिंगा टाकायच्या, हलकं होनिंग करायचं, बस्स. हे लिहिता लिहिता एक सुचलं म्हणून उठून मोजून आलो. तीच रिंग बोअरच्या तळाशी, जिथे झीज कमी असते तिथे बसवली: गॅप ०.९५. फरक ०.१५, त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक जवळजवळ ०.०५ मिमी. म्हणजे बोअर वर रुंद, खाली अरुंद झालाय. अशा सिलिंडरमध्ये नव्या रिंगा प्रत्येक स्ट्रोकला उघडमीट करत राहतील आणि लवकरच जातील. तेव्हा रिंगांची ऑर्डर थांबवली. बुधवारी सिलिंडर अलिबागला बोअरिंगवाल्याकडे नेतो, तो बोअर गेजने तीन उंचींवर, आडवं-उभं मोजेल. त्यानंतरच रिंगा की ओव्हरसाइज पिस्टन ते ठरेल. व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल उतरू न देणारे रबर) मात्र आत्ताच बदलतोय, पहिल्या स्टार्टचा निळा धूर मला त्यांचाही वाटतो.

आणि इंजिन पुन्हा जोडताना बुटाच्या आत, फिल्टर आणि कार्बच्या मध्ये, ग्रीसचा पातळ हात फिरवणार आहे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर बूट काढून बोटाने बघेन, कण लागला की पुन्हा एअरबॉक्स.